माळ घालण्यापूर्वी आपला हेतू कसा ओळखावा

वारकरी संप्रदायात येण्यासाठी परीक्षा द्यावी लागत नाही, कोणता सिद्धांत पटल्याची कबुली द्यावी लागत नाही आणि देव आहे की नाही या प्रश्नाचा निकाल लागेपर्यंत थांबावेही लागत नाही. तुळशीची माळ गळ्यात घालायची आणि तिच्याबरोबर येणारा नेम पाळायचा, एवढेच. दिसायला सोपी असली तरी ही मोठी उडी आहे, कारण काय पदरात पडेल हे कळण्याआधीच माणूस जन्मभराचा शब्द देऊन बसतो. माणसे अशी उडी कशामुळे घेतात आणि स्वतःच्या बाबतीत ते कारण कोणते आहे हे कसे शोधावे, याविषयी हे मार्गदर्शन आहे. ज्यांच्या मनात माळेचा विचार घोळत आहे त्यांच्यासाठी ते प्रामुख्याने लिहिले आहे. घरातल्या कोणी अचानक माळ घातल्यामुळे बुचकळ्यात पडलेल्यांनाही त्याचा उपयोग व्हावा.

हेतू शुद्धच असला पाहिजे असा आग्रह येथे धरलेला नाही. पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्या हजारो माणसांचे मूळ कारण तपासले, तर त्यात आजारी लेकरू निघेल, वडिलांना दिलेला शब्द निघेल, दारू निघेल, कर्ज निघेल आणि नुसती सोबतीची ओढही निघेल. यांतले कोणतेही कारण लाज वाटण्याजोगे नाही. पण प्रत्येक कारणाची नेम मोडण्याची वेळ आणि रीत वेगळी असते. आपल्याला कोणत्या कारणाने ओढले आहे हे ठाऊक असेल, तर तो नेम कुठे अडखळेल याचा अंदाज आधीच बांधता येतो आणि त्या जागी आधार उभा करता येतो.

नेमके काय मागितले जाते

हेतू तपासण्याआधी आपण कशाला होकार देत आहोत हे स्पष्ट असावे. फड म्हणजे एका महाराजांच्या परंपरेतला वारकऱ्यांचा समूह; फडाफडाच्या परंपरेत थोडा फरक असला तरी गाभा सगळीकडे सारखा आहे. मांसाहार आणि मद्य कायमचे सोडायचे. महिन्याच्या दोन्ही एकादश्यांना उपवास करून द्वादशीला तो सोडायचा. रोज हरिपाठ म्हणायचा आणि ‘राम कृष्ण हरि’ या मंत्राचा जप करायचा. वर्षातून निदान एकदा, आषाढीला किंवा कार्तिकीला, पंढरपूरची वारी करायची. खोटे बोलणे आणि परस्त्रीची किंवा परपुरुषाची अभिलाषा टाळायची. वर्षाला साधारण २४ एकादश्या येतात आणि अधिक मासाच्या वर्षी २६. हा आकडा मुद्दाम सांगतो, कारण भावनेच्या भरात माणसाच्या डोळ्यांपुढे वारीचे दृश्य असते, तर प्रत्यक्षात माळेचा बहुतेक भार कार्यालयातल्या, शेतातल्या आणि स्वयंपाकघरातल्या त्या २४ साध्या दिवसांवर पडतो.

या यादीत ‘विश्वास ठेवायचा’ असे कलम वेगळे दिलेले नाही, हेही लक्षात घ्यावे. येथे आधी आचरण सुरू होते आणि श्रद्धा त्याच्या मागून, आपल्या गतीने येते. तुकोबांनी आपल्या आत्मपर अभंगात हे कोणताही आडपडदा न ठेवता सांगितले आहे: आरंभी एकादशीचे कीर्तन करू लागलो तेव्हा चित्त अभ्यासात नव्हते. एवढ्या मोठ्या संताची सुरुवात अशी असेल, तर मन पुरते तयार होण्याची वाट पाहत बसलेल्यांनी निदान त्या एका कारणासाठी अडून राहू नये.

आपले कारण कसे शोधावे

‘मला माळ का घालायची आहे?’ असा थेट प्रश्न स्वतःला विचारल्यास बहुधा कीर्तनातले उत्तर मिळते. मोक्ष, नामस्मरण, चित्तशुद्धी असे शब्द आयते तोंडावर येतात. म्हणून प्रश्न आडवळणाने विचारावेत. हा विचार पहिल्यांदा कधी आला आणि त्या आठवड्यात घरात काय चालले होते, हे आठवावे. तो प्रथम कोणाला सांगितला आणि कोणापासून लपवला, हे पाहावे; आपण ज्याच्यापासून लपवतो त्याच्याशी कारणाचा काही ना काही संबंध असतो. माळ घातल्यानंतरचे चित्र डोळ्यांपुढे आणल्यास त्यात आपल्याकडे कोण पाहत आहे, हेही तपासावे. आणि शेवटी, ज्या गोष्टीसाठी हे करावेसे वाटते ती उद्याच आपोआप घडली तर माळेची इच्छा उरेल का, असे विचारावे. उत्तरे कागदावर लिहिली तर बरे. लिहिताना मन जरा कमी फसवते.

या उत्तरांतून जी कारणे पुढे येतात त्यांतले सर्वांत जुने आणि सर्वांत कमी बोलले जाणारे कारण म्हणजे वारसा. वडील गेले, खुंटीवर त्यांचे टाळ आणि पताका राहिली, आणि दिंडीचा निरोप आला की यंदा तुमच्या घरातून कोण चालणार. अशा वेळी मुलगा किंवा मुलगी जे पाऊल उचलते त्याला बाहेरून पाहणारा उडी म्हणणार नाही, कारण वाट पायाखालची असते. तरीही ती उडीच आहे. वडिलांची श्रद्धा वडिलांबरोबर गेलेली असते आणि मागे राहिलेला रिकामा नेम नव्या माणसाला स्वतःच्या बळावर भरायचा असतो. हे कारण टिकाऊ असते, पण त्यात एक खोट राहू शकते: माणूस वर्षानुवर्षे वारी करतो आणि ती मनाने वडिलांचीच राहते. ज्यांचे कारण वारशाचे आहे त्यांनी वडिलांनी न केलेली एखादी गोष्ट आपल्या नेमात घालावी. वडील निरक्षर असतील तर आपण ज्ञानेश्वरीची रोज एक ओवी अर्थासह वाचावी. वडील नुसते टाळ धरत असतील तर आपण चाली शिकाव्यात.

दुसरे मोठे कारण दुःखाचे. तुकोबांच्या घराण्यात विठ्ठलाची उपासना पिढीजात होती आणि देहूतले देऊळ पूर्वज विश्वंभरबुवांचे होते. पण १६३० च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात थोरली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला, व्यवहार बुडाला, आणि त्यानंतर त्यांनी ते मोडकळीला आलेले देऊळ पुन्हा उभे केले. केवळ दुःखाने माणूस देवाकडे वळतो असे म्हणणे म्हणूनच अपुरे आहे. त्याच दुष्काळात असंख्य घरे उद्ध्वस्त झाली आणि त्यांतले सगळे देहूच्या वाटेने गेले नाहीत. दुःख माणसाला जागेवरून हलवते. तो कोणत्या दिशेला जाईल हे लहानपणी कानावर पडलेल्या अभंगांवर आणि जवळ असलेल्या देवळावर बरेचसे अवलंबून असते. आपले कारण दुःखाचे असेल तर घाई करू नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. वर्षश्राद्ध होईपर्यंत भजनाला जावे, हरिपाठाला बसावे, पण माळेचा शब्द देऊ नये. शोकाच्या पहिल्या महिन्यांत माणूस कोणताही शब्द देतो आणि पुढे तो पाळता आला नाही म्हणजे मूळच्या दुःखावर अपराधाचे ओझे चढते.

संकटातून सुटका झाल्याचे कारण याला लागूनच येते. आज ज्या स्वरूपात आळंदीहून पालखी निघते ते स्वरूप एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी दिले. ते सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे आणि ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी असलेले. परंपरेत सांगतात की तिथून गावी परतताना ते लुटारूंच्या तावडीत सापडले, कैदेत हरिपाठ करीत राहिले आणि सुटल्यावर उरलेले आयुष्य त्यांनी माउलींच्या सेवेत घालवले. आळंदीच्या महाद्वारातली पायरी त्यांच्या नावाने ओळखली जाते. नवसाची माळ आणि अशी कृतज्ञतेची माळ यांत क्रमाचा फरक आहे. नवसात देवाने आधी द्यायचे असते; कृतज्ञतेत मिळून गेलेले असते. नवस बोलून माळ घालणाऱ्याने स्वतःला एवढेच विचारावे की इच्छा पुरी झाली नाही तर काय. ‘मग मी माळ काढीन’ असे उत्तर आले तर ते प्रामाणिक आहे, पण मग माळेऐवजी एका वारीचा किंवा एखाद्या ठरावीक काळाच्या एकादशीचा नवस बोलावा. मुदतीच्या व्यवहाराला जन्मभराचा नेम अडकवू नये.

दारू हे कारण गावोगाव आढळते आणि त्यावर थोडे सविस्तर बोलणे भाग आहे. ‘माळ घातली की सुटते’ हे वाक्य पूर्ण खोटे नाही. माळकऱ्याला कोणी आग्रह करत नाही. गुत्त्याच्या दारात तो दिसला तर गाव बोलते. संध्याकाळची नेमकी घसरणीची वेळ हरिपाठात जाते आणि जुन्या सोबत्यांच्या जागी नवे सोबती येतात. हा आधार खरा आहे. परंतु बऱ्याच वर्षांचा रोजचा पिणारा एका दिवसात दारू बंद करतो तेव्हा त्याला कंप सुटू शकतो, भास होऊ शकतात, झटके येऊ शकतात आणि प्रसंगी जीवही जाऊ शकतो. म्हणून अशा माणसाला थेट महाराजांपुढे नेऊन शपथ घालणे धोक्याचे आहे. आधी डॉक्टर, मग माळ, हाच क्रम ठेवावा. पुण्यात १९८६ पासून काम करत असलेल्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात उपचार घ्यावेत किंवा जवळच्या शासकीय रुग्णालयातल्या मनोविकार विभागात जावे, आणि शरीर सावरल्यानंतर माळेचा निर्णय त्याचा त्याने घ्यावा. बायकोने, आईने किंवा भावांनी धरून घातलेली माळ फार दिवस टिकत नाही. ती तुटली की मात्र पिणाऱ्याच्या जोडीला घरच्यांचीही उमेद जाते.

सोबतीचे कारण फारसे कोणी कबूल करत नाही. नोकरीनिमित्त शहरात आलेला माणूस गावच्या मंडळींचे भजन शोधत जातो, पखवाजाजवळ बसू लागतो, आणि वर्षभरात गळ्यात माळ येते. तत्त्वज्ञान त्याने अजून ऐकलेले नसते. मला हे कारण इतर अनेक कारणांपेक्षा भक्कम वाटते. ज्याच्या शेजारी आपण उभे राहतो त्याचा विश्वास हळूहळू आपल्यात उतरतो आणि पावली खेळताना एकट्याचे पाऊल चुकले तरी रांग ते सांभाळून घेते. बदली झाली की मात्र हा नेम उघडा पडतो. तेव्हा नव्या गावी पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात तिथले भजन गाठावे.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते. डोक्यावर तुळस घेऊन जवळपास तीन आठवडे घराबाहेर चालण्याची मुभा सासरच्या घराने दुसऱ्या कोणत्या कारणाने दिली असती, हा प्रश्न अनेकींच्या मनात असतो आणि तो असण्यात काही वावगे नाही. संत बहिणाबाईंनी तुकोबांना गुरू मानले तेव्हा घरातून मारहाण झाली, कारण ब्राह्मण घरातल्या बाईने शूद्र मानल्या गेलेल्या माणसाचा उपदेश घेणे नवऱ्याला सोसवले नाही. बंधनाबाहेरचा श्वास आणि देवाची ओढ या दोन गोष्टी त्या काळीही वेगळ्या काढता आल्या नसत्या. आज काढण्याचा अट्टाहास कशासाठी करावा?

गावात मान मिळावा, पंगतीत पुढचे पान मिळावे, निवडणुकीच्या आधी गळ्यात माळ दिसावी, हीही कारणे असतात. त्यांच्याविषयी एवढेच सांगता येईल की अशा माणसाने हे मार्गदर्शन वाचण्याची शक्यता कमी आहे.

चार महिन्यांची परीक्षा

कारण सापडले की ते नेम पेलते का, हे पाहावे. त्यासाठी चातुर्मासासारखा सोयीचा काळ नाही. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत, दोन्ही धरून, नऊ एकादश्या येतात. एवढा काळ गळ्यात माळ न घालता आणि चारचौघांत न सांगता सगळा नेम पाळून पाहावा. न सांगण्याचे कारण असे की लोकांना कळले की त्यांच्या नजरेचा टेकू मिळतो आणि आपले मूळ कारण किती वजन उचलते ते कळेनासे होते. रोजचा हरिपाठ एका ठरलेल्या वेळी म्हणावा. चुकलेले दिवस दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावेत आणि चार महिन्यांनी ते दिवस पाहावेत: पाहुणे आले म्हणून चुकले, थकव्याने चुकले, की मनच उडाले म्हणून चुकले? पहिल्या दोन्हींवर उपाय आहे. तिसरे कारण वारंवार दिसले तर अजून एक वर्ष जाऊ द्यावे.

जमल्यास त्याआधी पालखीबरोबर एखादा टप्पा चालावा. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि पुण्याचा मुक्काम आटोपून दिवे घाट चढून सासवडला जाते. तीस किलोमीटरांहून लांब असलेली ही चाल बहुधा एकादशीलाच येते, म्हणजे उपास, घाट आणि पाऊस तिन्ही एकदमच भेटतात. पहिल्यांदा चालणाऱ्याने नव्या चपला घालू नयेत, गर्दीतून आपल्या दिंडीचा क्रमांक विसरू नये आणि सासवडच्या मुक्कामी पाय सुजलेले असताना माळेचा निर्णय तर मुळीच घेऊ नये. तो आनंद खरा असतो. पण त्या रात्री सगळ्यांनाच माळ घालावीशी वाटते.

मधुमेह, आम्लपित्त किंवा गरोदरपण असेल तर उपवासाचे स्वरूप डॉक्टरांना विचारून ठरवावे. साबुदाणा, बटाटा आणि शेंगदाणे यांवर काढलेली एकादशी रक्तातली साखर चांगलीच वाढवते आणि इन्सुलिन घेणाऱ्याने निर्जळ राहणे तर जिवावर बेतू शकते. फळे, दूध किंवा राजगिरा यांवरही एकादशी होते, आणि जाणत्या वारकऱ्यांना हे सांगावे लागत नाही.

घरात कसे बोलावे

माळ एकाच्या गळ्यात पडते आणि उपवासाचा स्वयंपाक दुसऱ्याच्या हातात, ही गोष्ट पुरुषांनी विशेष लक्षात घ्यावी. घरात मासे-मटण शिजत असेल तर ते बंद करण्याचा आदेश माळ देत नाही. नेम आपला आहे. कोकणातल्या कित्येक घरांत एक माळकरी आणि बाकीचे मासे खाणारे एकाच छपराखाली सुखाने राहतात. माळकऱ्याची भांडी वेगळी ठेवली जातात आणि वाद मिटतो. जोडीदाराला निर्णय झाल्यावर कळवू नये, विचार चालू असतानाच सांगावा, आणि कारणही खरे सांगावे. ‘मला बाबांची आठवण येते म्हणून’ हे वाक्य घरातल्या माणसाला पटकन समजते. ‘मला परमार्थ साधायचा आहे’ असे म्हटले की त्याला आपण दुरावत असल्याची भीती वाटते.

कोणाकडून माळ घ्यावी

एखाद्या फडाचे प्रमुख, दिंडीतले ज्येष्ठ वारकरी किंवा गावच्या सप्ताहाला येणारे कीर्तनकार, यांपैकी कोणाकडूनही माळ घेता येते. ज्यांच्या आचरणाकडे आपण निदान वर्षभर जवळून पाहिले आहे, अशा व्यक्तीकडेच जावे. माळेसाठी कोणी रक्कम सांगितली, आजार बरा होण्याची हमी दिली, औषधे थांबवायला सांगितली किंवा आपल्यावाचून दुसऱ्या कोणाचे कीर्तन ऐकू नका असे बजावले, तर तिथून उठावे. आळंदीत १९१७ साली जोग महाराजांनी सुरू केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत शिकलेले अनेक कीर्तनकार महाराष्ट्रभर आहेत आणि त्यांना शंका विचारता येतात. स्मार्त आणि भागवत अशा दोन एकादश्या आल्या तर आपल्या फडात कोणती धरतात, सोयरसुतकात नेमाचे काय करायचे, आजारपणात वारी चुकली तर काय, हे सगळे आधीच विचारून घ्यावे. जे या प्रश्नांवर चिडतात त्यांच्याकडून माळ घेऊ नये.

माळ पंढरपूर, आळंदी किंवा देहूत विकत घ्यावी. ती १०८ मण्यांची असते आणि तुळशीच्या काष्ठाचीच आहे याची खात्री जाणत्या माणसाकडून करून घ्यावी, कारण दुसऱ्या लाकडाचे मणीही विकले जातात. प्रत्यक्ष विधी अगदी छोटा असतो. स्नान करून जायचे, माळ ज्ञानेश्वरीवर किंवा देवाच्या पायांवर ठेवली जाते, नेम सांगितले जातात, आपण होकार देतो, माळ गळ्यात पडते, बुक्का लागतो, आणि मग जमलेले सगळे लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात. याच क्षणी वयाने आणि मानाने मोठी माणसे नवख्याच्या पायांवर वाकतात तेव्हा अनेकांना रडू येते. त्याची तयारी कोणी करून देत नाही.

नंतरचे

माळ तुटली तर पुन्हा ओवून गळ्यात घालेपर्यंत अन्न न घेण्याची रीत पुष्कळ ठिकाणी पाळतात, म्हणून पिशवीत पक्का दोरा ठेवावा. शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात माळ काढायला सांगतील. हुज्जत न घालता ती जवळच्या माणसाच्या हाती द्यावी. नेम मोडला, चुकून किंवा मोहाने काही खाल्ले-प्याले गेले, तर परस्पर माळ काढून ठेवण्याऐवजी ज्यांच्याकडून ती घेतली त्यांना जाऊन सांगावे. बहुतेक जाणती माणसे एखादे पारायण किंवा एखादी वारी सांगतात आणि पुढे चालायला लावतात.

सर्वांत अवघड वेळ मात्र याहून वेगळी असते. लेकरू बरे होते, दारू सुटून पाच वर्षे होतात, वडिलांच्या आठवणीची धार बोथट होते, आणि ज्या कारणाने माळ घातली ते कारण एके दिवशी संपलेले असते. एकादशी तर पंधरा दिवसांनी पुन्हा येणारच असते. खरी उडी कित्येकांना या टप्प्यावर घ्यावी लागते आणि त्या वेळी पाठीशी ना संकट असते ना उत्साह. असे झाले की लगेच कोणताही निर्णय न करता सुरुवातीला लिहिलेला कागद काढावा, तेच प्रश्न पुन्हा विचारावेत आणि उत्तरे जुन्यांच्या शेजारी लिहावीत. काहींना तिथे नवे कारण सापडते. काहींना सापडत नाही, तरी ते कार्तिकीच्या गाडीचे आरक्षण करतात. त्यांनी त्याचे स्पष्टीकरण कोणाला द्यावे असा नियम संप्रदायात नाही.